कुलपाचे अर्धे काम



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून आपल्या महाराष्ट्रात उन्हाळा आला की आंबे आणि व्याख्याने ही दोन्ही फळे एकदमच पिकू लागतात. अशा व्यासपीठांवरून आजवर वेदान्त झाला, इतिहास झाला, अर्थशास्त्र झाले, अणूचे विभाजनही झाले. आणि मी आज आपणांपुढे सायकलच्या कुलपावर बोलणार आहे! विषय कळविला तेव्हा चिटणीसमहाशयांनी पुन्हा एकदा विचारणा केली. माझे अक्षर आपल्याला नीट लागले नाही असे त्यांना वाटले असावे. अक्षर बरोबर लागले होते. विषयच तो होता.

रेवसच्या मंडळींपुढे हाच विषय मांडावा असे मला वाटले, ह्याला कारण आहे. ह्या विषयातला माझा पहिला धडा मी इथल्याच धक्क्यावर घेतला आणि त्याची फीही चांगलीच भरली.

गोष्ट १९७६ सालची. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई; रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले. मी मुंबईत एका कचेरीत कारकून होतो. पहाटे घरून निघावे, चार मैल सायकल हाणीत रेवस गाठावे, सकाळच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरावे आणि संध्याकाळच्या लाँचने परत यावे, असा क्रम होता. सायकल दिवसभर इथे एका टपरीच्या कुडाला टेकवून ठेवलेली असे. तिला कुलूप होते. मागच्या चाकावर बसविलेले, घोड्याच्या नालेसारखे, आपल्या सर्वांच्या परिचयाचे. त्याची किल्ली मी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवी आणि लाँचमध्ये बसल्यावर एकदा चाचपून पाही. ती हाताला लागली की सायकल जागेवर आहे अशी माझी समजूत होती.

एके संध्याकाळी उतरलो, तो किल्ली खिशात आणि सायकल बेपत्ता. दोन महिन्यांच्या पगाराची वस्तू होती ती. मी वेड्यासारखा इकडून तिकडे फिरू लागलो. धक्क्याच्या कडेला बोडणीचे एक म्हातारे तांडेल जाळे सांधीत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले,

"कुलूप होतं ना रे?"

"होतं की!"

"मग बांधली कशाला होतीस?"

"चाकाला."

"चाक कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? सायकलचंच!"

आता त्यांनी मान वर केली. म्हणाले, "बाबा, होडी कुणी तिच्याच सुकाणूला बांधून घरी जातो काय? खुंट्याला बांधतो. तुझी सायकल बांधलेलीच नव्हती. उचलली आणि गेली."

मला त्या वेळी राग आला. नुकसान झालेल्या माणसाला शहाणपण नको असते. परंतु पुढे कुलपांविषयी जे जे वाचले, जी जी कुलपे उघडून पाहिली, त्यांतून मी फिरून फिरून त्या तांडेलांच्या बोलण्यापाशीच आलो. कुलपाचे अर्धेच काम कुलपात असते. उरलेले अर्धे कुलपाच्या बाहेर असते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम असा प्रश्न विचारू की सायकलला कुलूप लागले का? बैलगाडीला कोणी कुलूप लावीत नाही. घोड्याला लावीत नाही. बग्गीवर गाडीवान बसलेला असे, बैल परक्याच्या हाताला सहजासहजी येत नसे, घोडा लाथ झाडी. सायकल ही मात्र अशी मुकाट स्वारी, की तिच्यावर जो बसेल त्याची ती होते. चारा मागत नाही आणि ओरडतही नाही. गडी न ठेवता, जनावर न पाळता माणसाला आपल्या वेळेचा धनी करणारे हे वाहन. पण ज्या गुणामुळे ते गरिबाला परवडले त्याच गुणामुळे ते चोरालाही सोयीचे झाले.

दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी आजच्या रूपाची सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवेची धाव केली. आणि त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले. नांगर आणि किर्लोस्करवाडी ही पुढची प्रकरणे. त्या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात सायकलपासून आहे. तेव्हाची सायकल ही साहेबांची आणि श्रीमंतांची वस्तू. ती रात्री माजघरात उभी राही आणि दिवसा नोकराच्या नजरेखाली. तिला कुलूप काय करावयाचे?

कुलपाची गरज पडली ती सायकल खाली उतरली तेव्हा. कारकुनाकडे, पोस्टमनकडे, दूधवाल्याकडे, कॉलेजच्या पोराकडे आली तेव्हा. ह्या माणसांना सायकल दारात ठेवून आत कामाला जावे लागते. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच नावाजले होते. आपल्याकडच्या नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. त्या बिल्ल्याची आपण चेष्टा करीत होतो. पण सायकल कोणाची हे सांगणारी एक खूण तिच्या अंगावर राही, हाही त्याचा एक उपयोग होता.

आता कुलपाकडे वळू. किल्लीने कुलूप उघडते म्हणजे काय होते? साध्या लिव्हरच्या कुलपात पितळेच्या किंवा लोखंडाच्या काही पट्ट्या एकावर एक बसविलेल्या असतात. प्रत्येक पट्टी ठराविक उंचीपर्यंतच उचलली गेली पाहिजे. कमी उचलली तर अडसर हलत नाही, जास्त उचलली तरी हलत नाही. किल्लीचे दाते म्हणजे त्या उंचींचा हिशेब. सगळ्या पट्ट्या एकाच वेळी आपापल्या उंचीवर आल्या की अडसराला वाट मिळते. पट्ट्या जितक्या अधिक आणि काम जितके काटेकोर, तितकी परकी किल्ली लागण्याची शक्यता कमी.

इंग्लंडात पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत १८१७ साली चोरी झाली. तेव्हा सरकारने चांगल्या कुलपासाठी बक्षीस लावले आणि १८१८ साली जेरेमाया चब याने असे कुलूप केले की कोणी खोट्या किल्लीने पट्टी प्रमाणाबाहेर उचलली तर ते तिथेच अडून बसावे, आणि मालकाने आपली किल्ली घातल्याबरोबर कोणीतरी हात घातला होता हे त्याला कळावे. चोराची चहाडी करणारे कुलूप म्हणा ना! त्याच्याही आधी, १७८४ साली, जोसेफ ब्रामा याने आपले कुलूप काढले होते. ते उघडणाऱ्यास दोनशे गिनी देण्यात येतील, असे आव्हान देऊन त्याने एक कुलूप १७९० पासून लंडनमध्ये दुकानाच्या खिडकीत मांडून ठेवले. साठ वर्षे ते कोणालाही उघडले नाही.

मग १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्याला अमेरिकेतून हॉब्ज नावाचा एक कुलूपवाला आला. त्याने चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले. नंतर ब्रामाच्या कुलपापुढे बसला आणि सोळा दिवसांच्या अवधीत एक्कावन्न तास काम करून तेही उघडले. लंडनमध्ये केवढी खळबळ उडाली! पुष्कळांनी हॉब्जलाच दोष दिला. हा माणूस चोरांना विद्या शिकवितो आहे, असे ते म्हणू लागले. ह्यावर हॉब्जच्या बाजूचे म्हणणे असे, की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, त्यांना हे आधीपासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त कुलूप विकत घेणाऱ्या भल्या माणसाला. हे म्हणणे आपण लक्षात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपल्या मुंबईचीही एक कथा ह्याच जातीची आहे. अर्देशर गोदरेज हे शिक्षणाने वकील. खोट्याची बाजू मांडणे मनाला पटेना म्हणून वकिली सोडली. शस्त्रक्रियेची हत्यारे करू लागले. हत्यारे उत्तम झाली, पण त्यांवर हिंदुस्थानात तयार झाल्याचा शिक्का मारू द्यावयास गिऱ्हाईक राजी होईना. तोही धंदा त्यांनी सोडला. मग मुंबईतील घरफोड्यांच्या बातम्या वाचून १८९७ साली लालबागला एका लहानशा शेडमध्ये त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. पुढे त्यांनी स्प्रिंग नसलेल्या कुलपाचे पेटंट घेतले. लिव्हरच्या कुलपात प्रत्येक पट्टीला खाली दाबणारी बारीक स्प्रिंग असते. ती मोडली किंवा गंजली की चांगले कुलूपही आडमुठे होते. खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १९०७ साली फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन याने फिरत्या चकत्यांचे एक कुलूप काढले. त्यातही चकत्यांना स्प्रिंग नाही. मुंबईचा दमटपणा कुठे आणि तिकडचे बर्फ कुठे! पण चांगला कारागीर कुलपाचा विचार करताना चोराइतकाच हवेचाही विचार करतो, एवढे ह्यावरून दिसते.

हे सारे घराच्या आणि तिजोरीच्या कुलपाविषयी झाले. सायकलच्या कुलपापुढचा पेच ह्याहून वेगळा आहे. घराच्या कुलपाला दार असते, दाराला चौकट असते आणि चौकटीला भिंत असते. कुलपाने फक्त अडसर धरून ठेवावयाचा. बाकीचे ओझे भिंत उचलते. सायकलच्या कुलपाला भिंतच नाही. त्याने स्वतःच अडसर व्हावे आणि स्वतःच भिंतही व्हावे, अशी आपली अपेक्षा. आणि पुन्हा ते हलके असावे, स्वस्त असावे, पावसात भिजून गंजू नये, अशाही अटी. दोन शेर वजनाचे कुलूप चोराला जड पडेल हे खरे, पण रोज चार मैल चढउतार करणाऱ्या मालकाला ते आधी जड पडेल.

आपल्या देशी सायकलीवरचे नालेच्या आकाराचे कुलूप हे ह्या पेचावरचे एक समजूतदार उत्तर होते, हे मी त्याने मला फसविले असूनही सांगतो. ते मागच्या दांड्यांना कायमचे जखडलेले असते, तेव्हा घरी विसरत नाही. बोंडी दाबून सरकवली की वाकडी सळई आऱ्यांमधून जाऊन पलीकडे अडकते. किल्ली फिरविली की आतली स्प्रिंग तिला मागे ओढून घेते. अशा पुष्कळ कुलपांत सळई मोकळी असेपर्यंत किल्ली निघतच नाही. म्हणजे किल्ली खिशात आली ह्याचा अर्थ कुलूप लागले. ही लहानशी युक्ती विसराळू माणसाला किती उपकारक आहे पाहा. बाजारात सायकल उभी करून भाजी घ्यावयाची आहे, एखाद्या उनाड पोराने तिच्यावर बसून पळू नये, एवढ्यापुरते हे कुलूप चोख आहे. त्याचे दोष दोन. स्वस्त कुलपांत पट्ट्या कमी आणि किल्ल्यांचे प्रकार मोजके, त्यामुळे शेजाऱ्याची किल्ली आपल्या कुलपाला लागते. हा अनुभव आपणांपैकी अनेकांनी घेतला असेल. दुसरा दोष तांडेलांनी सांगितलेला: सायकल स्वतःलाच बांधलेली राहते. चालविता येत नाही, पण खांद्यावर घालून नेता येते. हॉलंडात घरोघर सायकली. तिथेही मागच्या चाकावर असेच कुलूप असते. पण त्यातच एका साखळीचे टोक खुपसून ती साखळी खांबाला घालण्याची सोय पुष्कळदा केलेली असते. म्हणजे चाकही अडले आणि खुंटाही मिळाला.

साखळीला साधे कुलूप घालून सायकल खांबाला बांधणे हा उपाय सगळ्या जगात जुना आहे. पण साखळीची कडी कापण्याची कातर मिळते. तारेचा दोर तर त्याहून लवकर तुटतो. अमेरिकेत १९७०च्या सुमारास सायकलींची मोठी लाट आली आणि चोऱ्यांचीही. तेव्हा बॉस्टनच्या मायकेल झेन याने १९७१ साली यू अक्षराच्या आकाराचे पोलादी कुलूप बाजारात आणले. मूळ कल्पना स्टॅन्ली कॅप्लन नावाच्या सायकल दुरुस्त करणाऱ्याची होती. कठीण केलेल्या पोलादाचा एक अवजड कडा, त्याच्या तोंडाशी एक आडवी दांडी. पोलादाची वरची कातडी अशी कठीण की कानस घसरावी, आणि आतला गाभा त्या मानाने मऊ, म्हणजे घणाचा घाव बसला तरी ते काचेसारखे फुटू नये. ह्या कुलपाने शिकविलेली एक गोष्ट प्रत्येक सायकलस्वाराने ध्यानात ठेवावी. सायकल बांधून झाल्यावर कड्याच्या आत जी रिकामी जागा उरते ती चोराची. तिथे तो पहार घालतो. म्हणून कडा मोठा घेणे हे शहाणपण नव्हे. सायकल आणि खांब ह्यांनी तो भरून जावा एवढाच असावा.

१९७२ साली न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात ह्या कुलपाने एक सायकल खांबाला बांधून तीस दिवस तशीच ठेवण्यात आली. तीस दिवसांनी पाहिले तर कुलूप शाबूत होते आणि कुलपाने धरलेला सांगाडाही जागेवर होता. परंतु जे जे सुटण्यासारखे होते ते ते लोकांनी काढून नेले होते! जाहिरातीला ही कथा उत्तम ठरली आणि कुलपाचे नाव झाले. मला मात्र तिच्यात दुसरेच काही दिसते. कुलूप जिंकले, पण सायकलीची सायकल राहिली नाही. ज्या रस्त्यावर तीस दिवसांत एकाही माणसाने "अरे, हे काय करतोस?" असे विचारले नाही, त्या रस्त्यावर पोलाद तरी बिचारे काय करणार?

ह्या कुलपाची पुढची कथा अधिक बोधप्रद आहे. अनेक वर्षे ह्यात वाटोळ्या किल्लीची रचना होती. कुलपाच्या तोंडात वर्तुळात मांडलेल्या बारीक खुंट्या, आणि किल्ली म्हणजे एक पोकळ नळी, जिच्या काठावर कमीअधिक खोलीच्या खाचा. प्रत्येक खुंटी आपल्या खाचेइतकी दाबली गेली की कुलूप फिरे. २००४ साली अमेरिकेत एका सायकलस्वाराने सर्वांना दाखवून दिले, की पोरे शाळेत वापरतात त्या साध्या बॉलपेनची मागची नळी ह्या छिद्रात बरोबर बसते. नळी मऊ, खुंट्या टणक. नळी दाबून जरा हलविली की खुंट्याच तिच्यावर आपापल्या खाचा उठवीत आणि काही क्षणांत कुलूप उघडे. म्हणजे कुलूपच चोराला किल्ली कोरून देई!

लोक हादरले. कंपनीने पुढे काही लाख कुलपे बदलून दिली आणि वाटोळ्या किल्लीची रचना सोडून चकत्यांच्या रचनेकडे वळली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. ही बॉलपेनची युक्ती ब्रिटनमधील एका सायकलविषयक मासिकात १९९२ सालीच छापून आली होती. बारा वर्षे ती काहींना ठाऊक होती. त्या बारा वर्षांत ज्यांच्या सायकली गेल्या, त्यांपैकी पुष्कळांनी आपण कुलूप लावावयास विसरलो असू असे समजून स्वतःलाच दोष दिला असेल. दोष चारचौघांत बोलला गेला तेव्हा कुठे तो सुधारला. हॉब्जवर रागावलेल्या लंडनकरांना ह्याहून चांगले उत्तर कोणते? कुलूप सुधारते ते कारखान्याच्या बंद दाराआड जितके, तितकेच बाहेरच्या माणसाने त्याचे उणे निर्भयपणे दाखविल्याने.

आणि कोणतेही कुलूप उघडणार नाही, असे नाही. हे कुलूपवालेही आता उघडपणे मान्य करतात. ब्रिटनमध्ये १९९२ साली पोलिसांच्या पुढाकाराने कुलपांची परीक्षा करणारी एक संस्था उभी राहिली. तिच्या जुन्या मोजमापाप्रमाणे कांस्य दर्जाचे कुलूप साधारण एक मिनिट टिकावे, रौप्य दर्जाचे तीन मिनिटे आणि सुवर्ण दर्जाचे पाच मिनिटे. पाच मिनिटे! पण ह्या आकड्यांनी निराश होऊ नये. त्यांचा अर्थ समजून घ्यावा. कुलूप चोरी अडवीत नाही, ते वेळ विकत घेऊन देते. तो वेळ कोणासाठी? मालक तर मुंबईला असतो. तो वेळ असतो टपरीवाल्यासाठी, हमालासाठी, लाँचची वाट पाहत बसलेल्या म्हातारीसाठी. त्यांनी पाहावे आणि हटकावे. पाहणारे कोणीच नसेल तर पाच मिनिटे काय आणि पन्नास काय.

अलीकडे बॅटरीवर चालणारे ग्राइंडर चोरांच्या पिशवीत आले. त्यांची फिरती पाती कठीण पोलादालाही दाद देत नाहीत. मग पुन्हा संशोधन सुरू झाले. इंग्लंडातील डरहॅम विद्यापीठ आणि जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था ह्यांच्या संशोधकांनी २०२० साली एका नव्या पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली. ॲल्युमिनियमचा फेस आणि त्यात चिनी मातीच्या जातीच्या अतिकठीण गोळ्या. पाते आत शिरले की गोळ्या थरथरतात आणि पात्याचीच धार बोथट करतात. ही कल्पना त्यांना सुचली ती ग्रेपफ्रूटच्या सालीवरून आणि समुद्रातल्या एका शिंपल्यावरून! आपल्या परसातले पपनस त्याचेच भावंड, आणि शिंपले तर आपण पायांखाली तुडवितो. पपनस उंचावरून पडले तरी फुटत नाही हे आपण लहानपणापासून पाहिले. कुलूप करावे हे मात्र सुचले नाही. असो. ग्राइंडरला चिवटपणे तोंड देणारी काही सायकल-कुलपे आता बाजारात आली आहेत. तीही अखेर कापली जातात; फक्त पात्यांमागून पाती झिजवावी लागतात आणि आवाज दूरवर जातो. म्हणजे पुन्हा तेच: वेळ आणि ऐकणारा माणूस.

आता मी पुन्हा आपल्या धक्क्यावर येतो. माझी ती सायकल मिळाली नाही. सहा महिने पायी चाललो, मग एक जुनी घेतली. आम्ही लाँचने जाणारे पाच जण होतो. सगळेच आता शहाणे झालो होतो. आम्ही मिळून एक लांब साखळी आणली. धक्क्याजवळ एक जुनी लोखंडी कडी होती, पूर्वी मचवे बांधण्याची. साखळी त्या कडीतून आणि पाचही सायकलींच्या सांगाड्यांतून ओवली. पण किल्ली कोणाजवळ ठेवावयाची? कोणी लवकर येई, कोणी उशिरा. तेव्हा एकाने युक्ती सांगितली. पाच जणांची पाच कुलपे एकमेकांत अडकवून साखळीची दोन टोके जोडली. आता कोणीही आपले एक कुलूप उघडले की साखळी सुटे. आपली सायकल काढून त्याने पुन्हा कुलूप जोडून जावयाचे.

ह्या रचनेत मोठी गंमत आहे. पाचांतले सर्वांत कच्चे कुलूप तेवढीच साखळीची ताकद. आणि पाचांतला सर्वांत निष्काळजी माणूस तेवढीच आमची सुरक्षितता. तो माणूस कोण निघाला हे सांगणे भाग आहे. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस होता. मी त्या दिवशी आधीच्या लाँचने आलो. हात भिजलेले, अंधारून आलेले. कुलूप उघडले, सायकल काढली आणि तसाच निघालो. दोन मैल गेल्यावर हँडलला काहीतरी लागले म्हणून पाहिले, तो माझे कुलूप हँडललाच लटकत होते. चौघांच्या सायकली मी उघड्यावर टाकून आलो होतो. परत फिरलो. ते दोन मैल मला आजही आठवतात. स्वतःची सायकल गेली तेव्हा जेवढी छाती धडधडली नव्हती तेवढी त्या दिवशी धडधडली.

येऊन पाहतो तो चारही सायकली जागेवर. साखळीची दोन टोके कोणीतरी सुंभाने घट्ट बांधली होती. टपरीवाल्याने साखळी लोंबताना पाहिली, हाताशी होता तो सुंभाचा तुकडा घेतला, गाठ मारली आणि पुन्हा चहाकडे वळला. तो सुंभ विळ्याच्या एका फटक्यात तुटला असता. पण तो कोणी तुटू दिला नसता, कारण तो बांधताना धक्क्यावरच्या दहा जणांनी पाहिले होते. मी माझे कुलूप जोडले आणि सुंभाचा तुकडा त्याला परत दिला. तो म्हणाला, "राहू दे मास्तर, पुन्हा लागेल."

मित्रहो, चोरीला गेलेल्या सायकलीची किंमत बिलावर लिहिलेली नसते. राज्यातल्या काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेला जाण्यासाठी सायकली मिळतात. अशी एखादी सायकल गेली तर तिच्याबरोबर शाळाही जाते. मासळीच्या टोपलीवालीच्या मुलाची गेली तर सकाळचा बाजार जातो. अशा घराला आपण काय सांगतो? चांगले कुलूप घ्या, म्हणून सांगतो. ते जरूर घ्यावे. पण कुलूप ही व्यक्तीने घेण्याची वस्तू आहे आणि खुंटा ही गावाने रोवण्याची वस्तू आहे. दुकानात खुंटा विकत मिळत नाही. जिथे माणसे सायकल ठेवून लाँचला, मोटारीला, शाळेला, दवाखान्याला जातात, तिथे जमिनीत पक्क्या रोवलेल्या चार लोखंडी कमानी असाव्यात. त्या आडबाजूला नसाव्यात. दिव्याखाली आणि माणसांच्या डोळ्यांसमोर असाव्यात. समुद्राच्या हवेत लोखंड गंजते, म्हणून त्यांना दरवर्षी रंग द्यावा. एवढ्याला फार पैसा लागत नाही. मचव्यासाठी कडी बसविताना आपल्या वाडवडिलांनी हा विचार केला होता. भरती-ओहोटीच्या काठावर राहणाऱ्या माणसाला बांधल्याशिवाय काही राहत नाही हे शिकवावे लागत नाही.

तेव्हा इथून घरी गेल्यावर आपल्या सायकलचे कुलूप जरूर पाहा. शेजाऱ्याची किल्ली त्याला लागते काय हेही, त्याच्या समक्ष, करून पाहा. लागली तर दोघांनीही ते कारखानदाराला कळवा. मग उद्या सकाळी सायकल जिथे उभी करता तिथे जरा थांबा आणि स्वतःला तांडेलांचा प्रश्न विचारा: कुलूप आहे, पण बांधली कशाला आहे?